चाळीस अंशांच्या पलीकडे

बाळांनो,

मागच्या रविवारी थोरल्याने फोनवर विचारलं, "आजी, तू डोंगरावर लावलेल्या अँटेनाची ड्रॉइंग्ज मला पाठवशील? कॉलेजमध्ये दाखवायची आहेत. माझ्या आजीचं काम म्हणून." मी हो म्हटलं आणि फाइल शोधते असं सांगून फोन ठेवला. फाइल शोधायची काहीच गरज नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खणात सगळ्यात वर असते.

मोठी आजी कशी गेली, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला एका वाक्यात सांगितलेलं आहे. पावसात दरड कोसळली. ते खरं आहे. पण नुसती ड्रॉइंग्ज पाठवली तर तुम्हाला अर्धंच कळेल, आणि ते वाक्य तर अर्ध्याहूनही कमी सांगतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण त्या वेळी मी सविस्तर लिहिलं ते इंग्रजीत लिहिलं होतं, आणि चूक तिथेच झाली.

तुम्ही तिला मोठी आजी म्हणत होता. नात्याने ती माझी थोरली जाऊ. तुमच्या आजोबांचं घर पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला डोंगरात आहे. सात घरांची वाडी, घरांच्या मागे चढ, घरांच्या पुढे नाचणीची आणि भाताची लहान लहान खाचरं. आजोबा शिकायला म्हणून खाली उतरले ते पुन्हा वर राहायला गेले नाहीत. आम्ही दोघांनी पुण्यात नोकऱ्या केल्या आणि निवृत्तीनंतर महाडला, तळ्याच्या मागच्या गल्लीत, हे घर घेतलं. जाऊबाई मात्र नवरा गेल्यावरही वरच राहिल्या. मुलगा मुंबईला. त्यांच्याजवळ दोन म्हशी, एक पारडी आणि कोंबड्या.

माझं सगळं आयुष्य अँटेना करण्यात गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटची दहा वर्षं मी मिलिमीटर लहरींवर काम केलं. म्हणजे ज्या रेडिओ लहरींची लांबी काही मिलिमीटरच असते, अशा लहरी. त्या इतक्या बारीक असतात, की समोरची वस्तू केसाएवढी सरकली तरी परतणाऱ्या लहरीत ते कळतं. निवृत्त झाल्यावर ते ज्ञान असंच पडून होतं. आपल्याकडे पावसाळ्यात डोंगर खाली येतात. दर वर्षी आषाढात मी पेपर उघडला की आधी आपल्या दोन तालुक्यांची बातमी शोधायची. एका पावसाळ्यात वरंधच्या बाजूला रस्ता खचला, तेव्हा मी तीन दिवस जाऊबाईंना फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. चौथ्या दिवशी लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "मेले नाय गो अजून. कशाला एवढी घंटी वाजवतेस?"

त्या दिवशी मी ठरवलं, की त्यांच्या डोंगराकडे सतत बघत राहील असं काहीतरी करायचं.

अशी यंत्रं जगात आहेत. पण बऱ्याच यंत्रांत अँटेना रुळावर सरकते नाहीतर मोटरवर फिरते. आपल्याकडच्या पावसात मोटर आणि रूळ किती दिवस टिकणार? मला न हलणारी अँटेना हवी होती, जिचा फक्त झोत फिरेल. हे कसं होतं ते सांगते. तुम्ही वाडीत एकदा लावणी पाहिली होती. बायका ओळीत वाकून रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. सगळ्या एकाच वेळी मागे सरकल्या तर ओळ सरळ राहते. पण प्रत्येकीने शेजारणीच्या क्षणभर नंतर पाऊल घेतलं, तर ओळ तिरकी होते. कुणीही तोंड फिरवलेलं नसतं, तरी ओळीचा रोख बदलतो. माझ्या पट्टीवर बायकांच्या जागी तांब्याचे बारीक चौकोन होते, प्रत्येक साधारण तिळाएवढा. प्रत्येकाने लहर शेजाऱ्यापेक्षा किती उशिरा सोडायची हे मी ठरवायचं, आणि झोत डावीकडे, उजवीकडे, हवा तिकडे वळायचा.

आता बायकांमधलं अंतर फार वाढलं तर काय होईल? लांबून बघणाऱ्याला ओळ इकडे तिरकी आहे की तिकडे, हे कळेनासं होतं. अँटेनाचंही तसंच. चौकोन लहरीच्या निम्म्या लांबीवर ठेवले, तर झोत कितीही वळवा, तो एकच राहतो. त्याहून दूर ठेवले तर झोत एका मर्यादेपलीकडे वळवताच दुसऱ्या बाजूला त्याचं भूत उभं राहतं. मग परत आलेली लहर खऱ्या झोताची की भुताची, हे सांगता येत नाही.

माझी लहर जवळजवळ चार मिलिमीटरची होती. म्हणजे चौकोन दोन मिलिमीटरवर बसवायला हवे होते. मी दोन पूर्णांक चारवर बसवले.

याला कारणं होती, आणि ती चांगली कारणं होती. दोन मिलिमीटरमध्ये मागचे चिप दाटीवाटीने बसायचे आणि तापायचे. अंतर थोडं वाढवलं की तेवढ्याच चौकोनांत पट्टी लांब होते आणि झोत अधिक टोकदार होतो. पुण्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतः प्राध्यापक आहे. तिच्या प्रयोगशाळेत आम्ही पट्टी तपासली. दोन्ही बाजूंना चाळीस अंशांपर्यंत झोत अगदी स्वच्छ होता. चाळीसच्या पलीकडे भूत डोकावायला लागायचं.

ती म्हणाली, "मॅडम, चाळीस पुरतील?"

मी वाडीचा नकाशा काढून दाखवला. तुम्ही माझी थट्टा करता ना, की आजी किराण्याच्या यादीलाही समास आखते? तसाच तक्ता मी वाडीचा केला होता. प्रत्येक घर, घरात कोण राहतं, घरामागचा चढ यंत्राच्या जागेवरून किती अंशांवर येतो. सातही घरं अडतीस अंशांच्या आत येत होती. डावीकडे बावन्न अंशांवर जाऊबाईंचा गोठा होता. त्याच्यापुढच्या रकान्यात मी लिहिलं होतं, "गुरं."

"पुरतील," मी म्हटलं.

वैशाखात आम्ही ते यंत्र वाडीसमोरच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, बसवलं. हिरवळीवरून लहर नीट परत येत नाही, म्हणून घरांमागच्या चढावर लोखंडी कांबी ठोकून त्यांना पत्र्याचे कोपरे लावायचे होते. जाऊबाईंनी रिकामे तेलाचे डबे गोळा करून दिले आणि ते कापताना माझ्या शेजारी बसून राहिल्या.

"एवढी शिकलीस गो तू, आन् शेवटी डबेच कापायला लागलीस."

"जाऊबाई, हे डबे डोंगर हलला की सांगणार आहेत."

"डोंगर हलला तर मला कळायचा नाय? माजा जन्म गेला हितं."

"तुम्हाला हातभर हलल्यावर कळेल. याला केसाएवढा हलला तरी कळेल."

"आन् मग? तो काय करील? डोंगराला धरून ठेवील?"

"भोंगा वाजवेल. मग तुम्ही सगळ्यांनी खालच्या शाळेत जायचं."

त्या हसल्या. पण कांबी कुठे ठोकायच्या, कुठे खडक आहे आणि कुठे नुसती माती, हे सगळं त्यांनीच दाखवलं. शेवटी शेवटी तर त्या इतर बायकांना समजावून सांगायला लागल्या होत्या, आणि माझ्यापेक्षा बरं सांगत होत्या. यंत्राला त्यांनी 'डबी' हे नाव ठेवलं. मग सगळी वाडी डबीच म्हणायला लागली, आणि मीही.

जून अर्धा गेला आणि एका सकाळी डबीला काहीच दिसेनासं झालं. महाडमध्ये बसून मी संगणकाचा पडदा पाहत होते. एकाही कोपऱ्यावरून लहर परत येत नव्हती. गाडी करून वर गेले. पाहते तर डबीवर इरलं. जाऊबाईंच्या सासूचं, म्हणजे माझ्याही सासूचं, पानांचं जुनं इरलं त्यांनी माळ्यावरून काढून तिच्या डोक्यावर नीट बसवलं होतं आणि वारा नेऊ नये म्हणून सुंभाने बांधलं होतं.

"हे काय केलंत?"

"काय केलंत काय? भिजत होती ती. माणसाला इरलं लागतं, गुराला गोठा लागतो, ही काय दगड हाय?"

"अहो, ओल्या पानांतून तिची लहर जात नाही. आंधळी झाली ती."

"मंग आदी सांगायचं नाय का? वाचून दाखवलंस एवढं कागदावरून, त्यात इरल्याचं नाय आलं?"

शेजारची बाई दारात उभी राहून हसत होती. मला मात्र हसू आलं नाही. आदली रात्रभर मी काळजीत काढली होती. मी जरा जोरातच बोलले. इरलं सोडवताना सुंभ तुटला आणि पानं फाटली. जाऊबाईंनी ती गोळा केली आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने काळा चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरं, मग मला एका वाक्यात सांग. जास्ती नको सांगूस. काय ध्यानात ठेवायचं?"

मला वाईट वाटत होतं. सोपं सांगायचं होतं, आणि त्यांना धीरही द्यायचा होता. मी म्हटलं, "भोंगा गप्प आहे तोवर तुम्ही निर्धास्त राहा."

"बास? एवढंच?"

"एवढंच."

हे वाक्य त्यांनी घरोघर सांगितलं. कुणीतरी ते खडूने समाजमंदिराच्या भिंतीवरही लिहिलं.

माझ्या इंग्रजी अहवालात, जो मी पुण्याला आणि सरकारी कचेरीत पाठवला, सहाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, की हे यंत्र दोन्ही बाजूंना चाळीस अंशांपलीकडे पाहत नाही आणि तिथल्या हालचालीबद्दल काहीही सांगू शकत नाही. त्या वाक्यात एक शब्द चुकीचा नाही. पण ज्यांना ते इंग्रजी वाक्य वाचता येत होतं, त्यांच्यापैकी कुणीही त्या डोंगराखाली राहत नव्हतं.

आता आषाढाबद्दल. ज्येष्ठ सरला आणि जाऊबाईंची एक म्हैस व्यायला झाली. वाडीत पद्धत अशी आहे, की म्हैस व्यायला झाली की घरची बाई गोठ्यात राहायला जाते. चार-पाच दिवस, कधी आठ. अंथरूण तिकडे, तीन दगडांची चूल तिकडे. रेडकू अडलं तर हात द्यायला माणूस हवं, आणि पावसात घरापासून गोठ्यापर्यंत धावत जायला वेळ नसतो. हे वाडीत इतकं रोजचं आहे, की मला ते सांगावं असं कुणाला वाटलं नाही. आणि मला विचारावं असं सुचलं नाही. त्या घराची मी चाळीसहून जास्त वर्षं सून होते. पण मी तिथे मे महिन्यात जात असे आणि गणपतीत जात असे. आषाढात मी त्या घरी एकदाही राहिलेले नाही. माझ्या तक्त्यात माणसं होती ती मे महिन्यातली.

तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या ओढ्याचं पाणी तांबडं झालं. पूर्वी असं झालं की जाऊबाई गाठोडं बांधून आणि कुरकुर करत खालच्या शाळेत जात. त्यांच्या सासऱ्यांनी घालून दिलेली ती रीत होती. त्या दिवशीही शेजारची बाई आपलं घर आवरून निघाली. वाटेवरून तिने गोठ्याकडे हाक मारली. ते बोलणं तिने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. मी तिला ते दोनदा सांगायला लावलं.

"वैनी, चला! पाणी तांबडं झालंय."

"भोंगा वाजला काय?"

"नाय वाजला."

"मंग? म्हस आज नाय तर उद्या व्यायची हाय. तुमी व्हा फुडं. वाजला तर येते."

दहा-साडेदहाच्या सुमाराला गोठ्यामागचा डोंगर आला. घरांमागचा नाही. सातही घरं जशीच्या तशी उभी राहिली. त्या वेळी मी महाडमध्ये पडद्यासमोर बसले होते. सगळे कोपरे जागच्या जागी होते, एकही रेघ हलली नव्हती, आणि मी स्वतःशी समाधानाने म्हटलं होतं, की एवढ्या पावसातही चढ घट्ट आहे. माझ्या यंत्राने त्या दिवशी एकही चूक केली नाही, हे मी तुम्हाला सांगितलंच पाहिजे. जिथे बघायला सांगितलं होतं तिथे ते बघत होतं, आणि तिथे काही झालं नव्हतं.

फोन दुपारी आला. मी पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती, कारण रस्ता दोन ठिकाणी बंद होता आणि मला बरंच अंतर चालावं लागलं. जाऊबाई दुसऱ्या दिवशी सकाळी सापडल्या. म्हैस त्यांच्या शेजारीच होती. ती व्यायलेली होती. याहून जास्त मी लिहिणार नाही.

त्यांचा मुलगा मुंबईहून आला. दिवसकार्याच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं होतं, तो मला काही बोलेल. त्याने बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "काकी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आई एकदम बिनधास्त होती ह्या वर्षी. सगळ्यांना सांगायची, माझी जाऊ खाली बसून माझा डोंगर बघते."

त्यानंतर कितीतरी दिवस मी पडद्यावरची जुनी नोंद उघडून बसत होते. झोत खरं तर साठ अंशांपर्यंत फिरत होता. चाळीसच्या पलीकडचं सगळं मीच आज्ञावलीत टाकून द्यायला सांगितलं होतं, कारण त्यात भूत मिसळलेलं असायचं. ते टाकलेलं मी परत काढलं. बावन्न अंशांवर, गोठ्यामागच्या दगडी बांधाच्या जागी, दरडीच्या दोन दिवस आधीपासून काहीतरी सरकत होतं. काहीतरी, असंच म्हणावं लागेल. ते बांधाचं होतं की उजवीकडच्या झाडांच्या हलण्याचं, हे आजही निश्चित सांगता येत नाही.

माझी विद्यार्थिनी पुण्याहून आली आणि तिने सगळं तीनदा तपासलं. ती म्हणाली, "मॅडम, यावरून कुणालाही अंदाज बांधता आला नसता. मलाही नाही, कुणालाच नाही."

"मला अंदाज बांधायचा नव्हता," मी म्हटलं. "मला एवढंच सांगायचं होतं, की तिकडे मला दिसत नाही. त्यासाठी नोंद लागत नव्हती."

तिने विचारलं, "आता दोन मिलिमीटरची पट्टी नव्याने करायची?"

मी नको म्हटलं. यंत्र उतरवून आणायचं आणि या सगळ्यातून अंग काढून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. दिवाळीनंतर त्यासाठीच वर गेले. शेजारच्या बाईने मला डबीला हात लावू दिला नाही.

"का नेता?"

"तिच्यामुळे काय झालं, तुम्ही पाहिलंत ना?"

"तिच्यामुळं नाय झालं. तिला येवडंच दिसतं हे आमाला ठावं नव्हतं, म्हणून झालं." मग म्हणाली, "तिला काय दिसत नाय ते सांगा. तिकडं आमी बघू."

मी तिथेच दगडावर बसून रडले. ती उभी राहिली आणि तिने मला रडू दिलं.

नवीन पट्टी आम्ही माघापर्यंत पूर्ण केली. चौकोन दोन मिलिमीटरवर आहेत. चिप तापतात, म्हणून मागे जाड ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. झोत थोडा बोथट आहे, पण साठ अंशांपर्यंत एकटा जातो. साठच्या पलीकडे तोही कमजोर होतो. या वेळी तक्ता मी वाडीतल्या बायकांच्या मध्ये बसून केला, महिन्यागणिक. कोण कधी गोठ्यात असतं, कोण खाचरात, कोण लाकडं भरायला कुठल्या उतारावर जातं. त्यात तीन जागा अशा निघाल्या, की जिथे डबीला दिसत नाही. समाजमंदिराच्या भिंतीवरचं ते वाक्य मी स्वतः पुसलं आणि त्या तीन जागांची नावं तैलरंगात लिहून घेतली. खाली लिहिलं, की भोंगा वाजो न वाजो, पाणी तांबडं झालं की खाली उतरायचं.

हे पत्र लिहायला घेण्याच्या दोन आठवडे आधी पुन्हा तसा पाऊस आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओढा तांबडा झाल्याचा फोन आला. पडद्यावर सगळं स्थिर होतं. मी घराघरात फोन करून सांगितलं, उतरा. मीही गाडी करून शाळेत गेले. जाऊबाईंचं बंद घर सोडून बाकी सहाही घरं आली, पोरं-म्हातारी मिळून सगळी. दोन रात्री आम्ही वर्गात काढल्या. गुरं वर होती. दूध काढायला कुणाला जाता आलं नाही, आणि त्यावरून पुरुष माझ्यावर चिडले. एक जण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "मशीन म्हणतं कायपन नाय, आन् म्हातारी म्हणते उतरा. कोनाचं ऐकायचं?" शेजारच्या बाईने त्याला गप्प बसवलं.

डोंगर आला नाही. कुठेच काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा सगळे अंथरुणं गुंडाळून वर गेले, आणि जाताना माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. शाळेच्या पायरीवरून मला ते वळणापर्यंत दिसत होते. मी माणसं मोजली. सगळी होती. मग वर्ग झाडून घेतला, बाकं परत ओळीने लावली आणि महाडला परत आले.

तुमची,
आजी